अर्जावरची सही, रोजनाम्यातले निवेदन आणि वकिलाची सनद

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात काम करणारे एक तरुण वकील प्रतिवादीतर्फे उभे आहेत. मनाई अर्जाची सुनावणी होईपर्यंत बांधकाम करणार नाही, असे त्यांनी अशिलातर्फे तोंडी सांगितले आणि ते रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या-त्या तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत) आले. बांधकाम मात्र चालूच आहे. मधल्या एका तारखेला तहकुबीच्या अर्जावरून न्यायाधीश खुल्या कोर्टात त्यांच्यावर ओरडले. आता अशील म्हणतो, दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करून घ्या आणि अर्जात 'साहेबांनी वादीकडून पैसे घेतले' असे लिहा, प्रतिज्ञापत्र मी करतो. प्रतिज्ञापत्र अशिलाचे असेल तर अवमान माझ्यावर येईल का, आणि सनद (वकिलीचा परवाना) जाईल का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी अर्जाचे बोलू, कारण त्यावर अजून सही झालेली नाही.

प्रतिज्ञापत्र अशिलाचे असले तरी अर्जावर सही करणारा वकील सुटत नाही. हा मुद्दा फार जुना आहे आणि आपल्याच भागातून वर गेलेला आहे. तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयात दोन वकिलांनी न्यायमूर्तींवर आरोप करणारा वर्ग-अर्ज सही करून दाखल केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले (एम. वाय. शरीफ, ए.आय.आर. १९५५, सर्वोच्च न्यायालय, पान १९). तेव्हा वकीलवर्गात समज असा होता की अशिलाने सांगितले ते वकिलाने मांडायचे, जबाबदारी अशिलाची. न्यायालयाने तो समज मोडला. न्यायालयाची बदनामी करणारा मजकूर असलेल्या अर्जावर, त्या आरोपांना प्रथमदर्शनी पुरेसा आधार आहे याची वाजवी खातरजमा न करता सही करणारा वकील स्वतः अवमानाचा दोषी ठरतो, असा नियम तिथे घातला गेला. त्या वकिलांची बिनशर्त माफी शेवटी स्वीकारली गेली, पण नियम राहिला. २०२५ साली तेलंगण उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींवर आरोप करणारा वर्ग-अर्ज सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हाही सह्या करणाऱ्या वकिलांपुढे हाच निकाल ठेवला गेला.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण त्यात पुष्कळ जण गोंधळतात. प्रतिज्ञापत्रावर 'शपथकर्त्यास मी ओळखतो' म्हणून केलेली सही वेगळी आणि अर्जाच्या मजकुराखाली अर्जदाराचे वकील म्हणून केलेली सही वेगळी. ओळख पटवणारा वकील मजकुराची हमी देत नाही. केवळ ओळख दिली म्हणून एका वकिलावर सुरू झालेली शिस्तभंगाची कार्यवाही टिकत नाही, हे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. तुमचे तसे नाही. अर्ज तुम्ही तयार करणार, तुम्ही सही करणार आणि तुम्हीच युक्तिवाद करणार.

मग खातरजमा म्हणजे काय करायचे? अशिलाला समोर बसवून चार गोष्टी विचारा: पैसे कोणी दिले, कधी, कुठे, आणि हे तुला कोणी सांगितले. दहापैकी नऊ वेळा उत्तर 'सगळ्या तालुक्याला माहीत आहे' असे येते. ते उत्तर आले की विषय संपला, ते वाक्य अर्जात जाणार नाही. 'शिपायाने सांगितले' असे उत्तर आले तर तो शिपाई प्रतिज्ञापत्र करणार आहे का ते विचारा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १९ नियम ३ प्रमाणे प्रतिज्ञापत्रात शपथकर्त्याला स्वतःला माहीत असलेल्या गोष्टीच यायला हव्यात. अंतरिम अर्जात समजुतीवर आधारलेले निवेदन चालते, पण तिथेही त्या समजुतीचा आधार लिहावा लागतो. सगळ्या परिच्छेदांना एकत्र गुंडाळून 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे' असे छापील सत्यापन करण्याची आपल्याकडे सवय आहे. एरवी ते खपून जाते, पण न्यायाधीशावर आरोप असलेल्या अर्जात उच्च न्यायालय पहिले बोट त्या ओळीवरच ठेवते.

वर्ग-अर्ज करायला मनाई नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायालय किंवा उच्च न्यायालय दावा वर्ग करू शकते आणि त्यासाठी न्यायाधीश भ्रष्ट असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. न्याय मिळणार नाही अशी वाजवी भीती अर्जदाराच्या मनात का आहे, एवढे दाखवायचे असते. त्यामुळे लिहिताना घटना लिहा, निष्कर्ष लिहू नका. 'दि. अमुक रोजी निशाणी अमुकवरील तहकुबीचा अर्ज फेटाळताना न्यायालयाने खुल्या कोर्टात पुढील उद्गार काढले' असे लिहून ते शब्द जसेच्या तसे द्या. त्या तारखेच्या रोजनाम्याची आणि आदेशाची प्रमाणित नक्कल जोडा. शक्य असल्यास त्या वेळी कोर्टात हजर असलेल्या दुसऱ्या कोणाचे प्रतिज्ञापत्र द्या. त्यानंतर एकच वाक्य पुरते: 'या घटनांमुळे अर्जदाराच्या मनात वाजवी भीती निर्माण झाली आहे.' 'पक्षपाती', 'संगनमत', 'मॅनेज' हे शब्द अर्जात येताच तुमची बाजू दुबळी होते, कारण वाचणाऱ्याचे लक्ष घटनेवरून उडून तुमच्या भाषेवर जाते. आणि एक कडू गोष्ट: तहकूब नाकारली किंवा अंतरिम आदेश विरुद्ध गेला, एवढ्यावर दावा वर्ग होत नाही. त्यासाठी अपील आणि पुनरीक्षण आहे. तुमच्याकडे त्या दिवसाच्या ओरडण्यापलीकडे काही नसेल, तर माझ्या मते हा अर्ज न केलेलाच बरा. तो फेटाळला गेला की त्याच न्यायाधीशांपुढे उरलेला दावा चालवायचा आहे.

समजा अशिलाकडे लाचेचा खराच पुरावा आहे. मग त्याची जागा वर्ग-अर्ज नव्हे. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चे कलम ६ कनिष्ठ न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याविरुद्ध उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेल्या निवेदनाला संरक्षण देते. तक्रार अशिलाने स्वतःच्या नावाने, प्रतिज्ञापत्रासह, पडताळता येईल असा पुरावा जोडून उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय बाजूकडे पाठवावी. निनावी पत्र कचऱ्यात जाते. आता यात लोक हमखास करतात ती चूक: तक्रारीच्या खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून मुख्यमंत्री, पालकमंत्री, दोन वर्तमानपत्रे आणि बार असोसिएशनचा व्हॉट्सॲप ग्रुप अशी यादी येते. कलम ६ चे संरक्षण उच्च न्यायालयाकडे किंवा दुसऱ्या कनिष्ठ न्यायालयाकडे केलेल्या निवेदनापुरते आहे, त्या यादीतल्या बाकीच्यांना ते लागू नाही. तोच मजकूर बाहेर पसरला की ते 'प्रकाशन' होते आणि कलम २(ग) मधल्या फौजदारी अवमानाच्या व्याख्येत जाऊन बसते.

सत्य हा बचाव आहे का? २००६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(ख) प्रमाणे आहे, पण त्याला दोन अटी आहेत: ते सार्वजनिक हिताचे हवे आणि बचाव सद्भावनेने घेतलेला हवा. 'माझे म्हणणे खरे आहे' असे नुसते सांगून भागत नाही, ते दाखवावे लागते. निकालावर टीका करायला मात्र कोणाची हरकत नाही. अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवरची रास्त टीका कलम ५ खाली अवमान ठरत नाही. 'हा निकाल साक्षीपुराव्याच्या विरुद्ध आहे' असे खुशाल लिहा. 'हा निकाल विकत घेतला' असे लिहिले की ती टीका राहत नाही.

आता दुसरा भाग. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला खरा धोका वर्ग-अर्जात नसून रोजनाम्यात आलेल्या त्या निवेदनात आहे. तो तुम्ही प्रश्नात एका ओळीत उरकला आहे.

दिवाणी अवमानाची व्याख्या कलम २(ख) मध्ये आहे. न्यायालयाच्या आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा किंवा न्यायालयाला दिलेल्या हमीचा हेतुपुरस्सर भंग, असे तिचे दोन भाग आहेत. वकिलाने अशिलातर्फे कोर्टाला दिलेले आश्वासन ही अशिलाचीच हमी धरली जाते. बलवंतभाई सोमाभाई भंडारी प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितले. तिथे वकिलामार्फत आश्वासन दिलेले असताना मालमत्तेचे व्यवहार झाले होते. त्यामुळे 'मी काही लिहून दिले नव्हते, वकीलसाहेब बोलले होते' हे अशिलाचे उत्तर चालणार नाही. उलट बाजूही आहे. बाबूराम गुप्ता प्रकरणात (१९७९) न्यायालयाने म्हटले की स्पष्ट हमी नोंदलेली नसेल, तर केवळ संमतीच्या आदेशातून हमी गृहीत धरून ती मोडल्याचा अवमान लावता येत नाही. म्हणून रोजनाम्यातले शब्द नेमके काय आहेत, यावर पुष्कळ काही ठरते. आजच नक्कल काढा. 'वकील निवेदन करतात की पुढील तारखेपर्यंत बांधकाम करणार नाही, निवेदन हमी म्हणून स्वीकारले' असे असेल तर तुमचे अशील थेट कक्षेत आहेत. 'वकिलांना ऐकले, प्रकरण म्हणण्यासाठी (उत्तरासाठी) ठेवले' एवढेच असेल तर बराच वाव आहे.

इथे वादी कोणत्या वाटेने येईल? निवेदनाच्या आधारे कोर्टाने मनाईचा आदेश केला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २अ चा अर्ज त्याच कोर्टात येईल. त्यात मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे. आदेश नसून नुसती हमी असेल, तर कलम १० खाली उच्च न्यायालयात अवमान याचिका, कारण १९७१ च्या अधिनियमाखाली शिक्षा करण्याचा अधिकार तुमच्या तालुका कोर्टाला नाही. मुदत कलम २० प्रमाणे एक वर्ष आहे. पल्लव शेठ प्रकरणापासून (२००१) अर्ज एका वर्षात दाखल झाला की पुरते, आदेश त्यानंतर झाला तरी चालते. दिवाणी अवमानात साधारणपणे दंडच होतो. दंडाने भागणार नाही असे वाटले तरच दिवाणी तुरुंग, आणि तोही सहा महिन्यांच्या आत.

तुमची स्वतःची जबाबदारी कुठे सुरू होते ते आता पाहू. निवेदन करताना अशिलाची सूचना होती का, हा पहिला प्रश्न. हिमालयन को-ऑप. ग्रुप हाऊसिंग सोसायटी प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की अशिलाचे हक्क सोडणारे निवेदन किंवा सवलत देण्यापूर्वी वकिलाने स्पष्ट सूचना घ्यायला हव्यात. तुमच्याकडे लेखी सूचना नसेल तर अशील उद्या म्हणेल, 'मी असे सांगायला सांगितलेच नव्हते', आणि ती तक्रार बार कौन्सिलकडे जाईल. म्हणून अशी निवेदने तोंडी करण्याऐवजी अशिलाच्या सहीची पुरसिस (कोर्टाला द्यायचे लेखी निवेदन) द्यावी. पुरसिस द्यायला वेळ नसेल तर कोर्टाला 'दुपारनंतर सूचना घेऊन सांगतो' म्हणावे. कोर्ट चिडेल, पण तेवढ्याने बिघडत नाही.

सूचना होती आणि अशिलाने नंतर हमी मोडली, तर अवमान त्याचा. मात्र ते कळल्यानंतर तुम्ही काय करता त्यावर तुमचे ठरते. आज अशिलाला पत्र लिहा. त्यात तीन गोष्टी घाला: हमीचे शब्द, काम लगेच थांबवण्याचा सल्ला, आणि न थांबवल्यास दिवाणी अवमानाचे परिणाम. पत्राची पोच घ्या. पुढच्या तारखेला कोर्टाने विचारले, 'काम थांबले आहे ना?' तर 'हो' म्हणू नका. माहीत असून खोटे निवेदन केले की अशिलाचा दिवाणी अवमान तुमच्या अंगावर येतो, शिवाय बार कौन्सिलच्या नियमांखाली गैरवर्तनही होते. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. अशिलाने तुमच्या चेंबरमध्ये सांगितलेली गोष्ट तुम्ही उठून कोर्टात सांगू शकत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १३२, म्हणजे पूर्वीचे कलम १२६, त्या संवादाला संरक्षण देते. अपवाद बेकायदा हेतूसाठी केलेल्या संवादाचा आणि नेमणुकीनंतर वकिलाच्या लक्षात आलेल्या गुन्ह्याचा किंवा लबाडीचा आहे. हा अपवाद आपल्याला हवा तसा ताणू नये. कोर्टाला द्यायचे प्रामाणिक उत्तर असे: 'याबाबत निवेदन करण्याच्या मला सूचना नाहीत.' अनुभवी न्यायाधीशाला तेवढ्यात सगळे समजते.

हमी पाळणे खरेच अशक्य झाले असेल, उदाहरणार्थ पावसाळ्यापूर्वी स्लॅब न टाकल्यास भिंत पडेल अशी स्थिती असेल, तर हमीतून मुक्त करण्याचा किंवा ती बदलण्याचा अर्ज द्या. फोटो आणि अभियंत्याचे प्रमाणपत्र जोडा, लागल्यास आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर मागा. अर्जावर आदेश होईपर्यंत काम बंद हवे. आधी काम करून मग परवानगी मागणारा अर्ज म्हणजे अवज्ञेची लेखी कबुलीच.

अशील ऐकतच नसेल तर वकीलपत्रातून बाहेर पडता येते, पण उठून चालते होता येत नाही. आदेश ३ नियम ४ प्रमाणे वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीनेच संपते, आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत पुरेशा कारणाशिवाय व अशिलाला वाजवी नोटीस दिल्याशिवाय माघार घेता येत नाही. न वापरलेली फी परत करावी लागते. नोटिशीत 'अशील हमी मोडत आहे' असे कारण लिहू नका, तो मजकूर वादीच्या हाती पडला तर तुम्हीच साक्षीदार झालात. 'व्यावसायिक कारणास्तव' एवढे पुरे.

न्यायाधीश ओरडले, त्याचे काय? त्या दिवसापुरते झाले ते झाले. पुढच्या वेळी आवाज चढला तर उत्तर देऊ नका, 'माझा आक्षेप नोंदवून घ्यावा' एवढेच म्हणा, आणि कोर्टाने नोंदवला नाही तर त्याच दिवशी घडलेला प्रसंग शब्दशः लिहून पुरसिस द्या. त्याच दिवशीच्या पुरसिसला जे वजन असते ते तीन महिन्यांनी केलेल्या प्रतिज्ञापत्राला नसते. तुम्हीही आवाज चढवला असता तर? कोर्टासमोर घडलेल्या अपमानासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३८४ दिवाणी, फौजदारी व महसुली अशा सर्व न्यायालयांना लागू आहे. कोर्ट त्याच दिवशी, उठण्यापूर्वी दखल घेऊन एक हजार रुपयांपर्यंत दंड करू शकते. दंड न भरल्यास एक महिन्यापर्यंत साधी कैद आहे. त्यामागचा गुन्हा म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम २६७. याहून गंभीर वाटले तर न्यायाधीश न्यायालय अवमान अधिनियमाच्या कलम १५(२) खाली उच्च न्यायालयाकडे संदर्भ पाठवतात, आणि तिथे फौजदारी अवमान किमान दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालतो. वादीला स्वतः तसे करता येत नाही. कनिष्ठ न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची दखल त्या न्यायालयाच्या संदर्भावर किंवा महाधिवक्त्यांच्या (राज्याच्या सर्वोच्च सरकारी वकिलांच्या) अर्जावर घेतली जाते, किंवा उच्च न्यायालय स्वतःहून घेते.

बार असोसिएशनकडे जाऊन त्या कोर्टावर बहिष्काराचा ठराव करून घेण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. घेऊ नका. हरीश उप्पल निकालाप्रमाणे (डिसेंबर २००२) वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा अधिकार नाही, लाक्षणिक संपाचाही नाही. बार आणि बेंचची प्रतिष्ठा वा स्वातंत्र्य पणाला लागते अशा अत्यंत विरळा प्रसंगीच एका दिवसापर्यंतच्या गैरहजेरीकडे न्यायालय दुर्लक्ष करू शकते. आणि तुमच्या गैरहजेरीत अशिलाचे नुकसान झाले तर रॅमन सर्व्हिसेस प्रकरणाप्रमाणे (२०००) खर्च वकिलाच्या खिशातून जाऊ शकतो. अध्यक्ष आणि दोन ज्येष्ठ वकिलांनी प्रधान जिल्हा न्यायाधीशांची भेट घ्यावी. तालुक्याच्या पातळीवर बहुतेक प्रकरणे तिथेच निवळतात.

तरीही अवमानाची नोटीस आलीच, तर पहिले काम म्हणजे नेमका आरोप काय आहे ते वाचणे. नोटिशीसोबत कोणते कागद आले आहेत ते तपासा. कलम १७ प्रमाणे नोटीस जातीने बजावायची असते. फौजदारी अवमानात तुम्हाला प्रतिज्ञापत्राने बचाव मांडता येतो, आणि न्यायालय प्रतिज्ञापत्रांवर किंवा पुरावा घेऊन निर्णय देते. हे प्रकरण जवळजवळ फौजदारी स्वरूपाचे आहे, म्हणून संशयाचा फायदा मिळतो. स्वतःची बाजू स्वतः मांडू नका, दुसरा वकील लावा. आपला अपमान झाला आहे असे वाटणारा वकील स्वतःसाठी वाईट वकील असतो.

सर्वात जास्त प्रकरणे माफीच्या मसुद्यात बिघडतात. माफी आणि समर्थन एकत्र नांदू शकत नाहीत, हेही त्या शरीफ निकालातच आहे. प्रत्यक्षात येणारे मसुदे असे असतात: 'माझ्या वक्तव्यामुळे न्यायालयाचा अवमान झाला असे न्यायालयास वाटत असल्यास मी दिलगीर आहे.' यात माफी कुठेच नाही, चूक न्यायालयाच्या वाटण्याची ठरवली आहे. किंवा आधी बारा परिच्छेद आपण कसे बरोबर होतो याचे, आणि तेराव्यात बिनशर्त माफी. दोन्ही फेकले जातात. चूक झाली असेल तर दोन परिच्छेद पुरतात: काय बोललो किंवा लिहिले, ते चूक होते, ते मागे घेतो, बिनशर्त माफी मागतो. ती पहिल्याच तारखेला द्या. युक्तिवाद फसल्यावर आलेली माफी म्हणजे शिक्षा टाळण्याची धडपड वाटते. एल. डी. जैकवाल प्रकरणात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने 'थप्पड मारा, सॉरी म्हणा, विसरून जा' या पद्धतीला आपण मान्यता देणार नाही असे म्हणून माफी नाकारली होती. कलम १२ चे स्पष्टीकरण सांगते की माफी सद्भावनेची असेल तर केवळ ती सशर्त आहे म्हणून फेटाळू नये. खरे आहे, पण त्यावर विसंबून मसुदा लिहू नका. आणि चूक झालीच नसेल तर माफी मागू नका, बचाव लढवा. वकिलाने खोटी माफी मागणे हेही एक खोटे निवेदनच आहे.

शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजारांचा आकडा १९७१ पासून तसाच असल्याने लोक हसतात. पण रकमेपेक्षा निकालातला 'दोषी' हा शब्द जड जातो, तो पुढे ज्येष्ठ वकील पदनाम, सरकारी पॅनेल, न्यायाधीशपद अशा प्रत्येक ठिकाणी उत्तर मागतो. शिक्षेविरुद्ध कलम १९ खाली अपील हक्काने आहे: एकल न्यायमूर्तींचा आदेश असेल तर ३० दिवसांत खंडपीठाकडे, खंडपीठाचा असेल तर ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. कार्यवाही वगळण्याच्या आदेशावर मात्र हे अपील नाही.

आता सनद. १९९५ मध्ये विनयचंद्र मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अवमानाच्या शिक्षेत थेट सनद तीन वर्षांसाठी निलंबित केली होती. ते तेव्हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष होते. तीनच वर्षांनी घटनापीठाने (सुप्रीम कोर्ट बार असोसिएशन विरुद्ध भारत सरकार, १९९८) तो भाग चुकीचा ठरवला. सनदेवर कारवाई अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिलने करायची, अवमानाच्या अधिकारात न्यायालय सनद काढू शकत नाही. पण वकिली करण्याचा हक्क आणि विशिष्ट न्यायालयात उभे राहण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या गेल्या आहेत. अवमान पुसून निघेपर्यंत उभे राहू न देण्याचा नियम उच्च न्यायालय करू शकते, हे प्रवीण सी. शहा प्रकरणात (२००१) मान्य झाले. आर. के. आनंद प्रकरणात (२००९) साक्षीदार फोडण्याच्या प्रयत्नाबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने घातलेली चार महिन्यांची बंदी चर्चेत होती. प्रशांत भूषण यांना २०२० मध्ये १ रुपया दंड झाला. तो न भरल्यास तीन महिने कैद आणि सर्वोच्च न्यायालयात तीन वर्षे उभे राहण्यास बंदी होती. उलट मद्रास उच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतलेला वकिलांना व्यवसायातून रोखण्याचा नियमरूपी अधिकार २०१९ मध्ये आर. मुथुकृष्णन निकालात रद्द झाला. थोडक्यात, न्यायालय दार बंद करू शकते, पण सनद काढणे बार कौन्सिलचे काम.

बार कौन्सिलची वाट अशी: तक्रार सही व सत्यापन करून, ठरलेल्या फीसह राज्य बार कौन्सिलकडे. गैरवर्तन झाले असे मानण्यास कारण दिसले तर ती शिस्तपालन समितीकडे जाते. समिती तिघांची असते: दोन कौन्सिलचे सदस्य आणि एक बाहेरून सामील केलेला वकील. वकिलाला आणि महाधिवक्त्यांना नोटीस जाते, मग लेखी म्हणणे, पुरावा, उलटतपास. चारच निकाल संभवतात: तक्रार फेटाळणे, ताकीद, ठराविक काळासाठी निलंबन, किंवा नाव कमी करणे. एका वर्षात निकाल झाला नाही तर कलम ३६ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. अपील ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, तिथून ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. तक्रारदाराशी तडजोड केली म्हणून तक्रार आपोआप बंद होत नाही, हे पुष्कळ वकिलांना उशिरा कळते. ग्राहक आयोगात मात्र वकिलावर सेवेतील त्रुटीची तक्रार आता चालत नाही (बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी, मे २०२४).

तुमच्या बाबतीत तक्रार आलीच तर न्यायाधीशांकडून येण्यापेक्षा तुमच्याच अशिलाकडून येण्याची शक्यता मला जास्त दिसते. मनाई अर्ज विरुद्ध गेला की 'वकिलाने न विचारता निवेदन दिले' हे त्याला सर्वांत सोपे उत्तर आहे. त्यामुळे पोच घेतलेले ते पत्र, रोजनाम्याची नक्कल, आणि 'पैसे घेतले' हे वाक्य अर्जात घालण्यास नकार दिल्याची तारखेसह नोंद एका फाइलमध्ये ठेवा. तो चिडून कागद मागायला आला तर फी बाकी आहे म्हणून अडवून ठेवू नका. आर. डी. सक्सेना प्रकरणानंतर (२०००) फीसाठी फाइल रोखणे हेच गैरवर्तन आहे. कागदांची यादी करून त्यावर त्याची सही घ्या, दुसरा वकील लावण्यास ना हरकत द्या, आणि फीसाठी वेगळा दावा करा.